खाजेची सुई

बाबांच्या हाताला गुण होता, असं आमच्या भागात कुत्रं पाळणारा कुठलाही माणूस आजही छातीठोकपणे सांगेल. मी सांगणार नाही. मी त्यांची मुलगी आहे आणि त्या हातांनी काय काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे.

बाबा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. एकतीस वर्षं. टेबल पुसायचं, सुया उकळायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि मुख्य म्हणजे कुत्र्याचं डोकं धरायचं. डॉक्टर येत, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जात. बाबा तिथेच. त्यामुळे प्रत्येक नवा डॉक्टर त्यांच्या लेखी कालचं पोर होता. पुस्तकं वाचून कुत्रं धरता येत नाही, असं ते म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. कसलंही चावरं कुत्रं असो, बाबांनी त्याच्या मानेखालून हात घातला की ते शहाण्यासारखं उभं राहायचं. तेवढ्यावर माणसाने समाधान मानलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत आपला दवाखाना थाटला. दवाखान्याने मोडीत काढलेलं एक टेबल आणलं, त्याचा लंगडा पाय नीट करून घेतला. दवाखान्यात त्यांचा कोट खाकी असायचा. घरी त्यांनी पांढरा शिवून घेतला. आईने विचारलं, पांढरा कशाला, लगेच मळेल. त्यावर ते म्हणाले, "धुवायला तू आहेसच की."

लोक येऊ लागले. मोठ्या दवाखान्यात रांग, चिठ्ठ्या, तपासण्या. इथे बाबा दारातच बसलेले. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कुत्री खाजेची. कुणाला पिसवा, कुणाला खाणं सोसत नाही, कुणाच्या कानात घाण, कुणाला आणखी काही. कारणं पन्नास, पण बाबांकडे उत्तर एकच. एक छोटी बाटली, जिच्यावरचा कागद त्यांनी ब्लेडने खरवडून काढलेला असायचा. कुणी विचारलंच तर "ताकदीचं आहे" म्हणायचे. होतं ते स्टेरॉइड. उद्या सकाळी खाजवताना दिसलं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका, असं ते वर ठणकावून सांगायचे. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी कुत्रं गाढ झोपलेलं असायचं. महिनाभराने खाज परत आली की मालक दुसऱ्या सुईसाठी हजर. मालकाला वाटायचं, बाबांची सुई उतरली. सुई देऊन खाज गेली नव्हती, नुसती गप्प बसली होती, हे त्या माणसाला कोण सांगणार?

ही विद्या बाबा टेबलाच्या ज्या बाजूने शिकले ती बाजू डोकं धरणाऱ्याची होती. डॉक्टर कोणती बाटली उचलतात ते त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. बाटली उचलण्याआधी डॉक्टरांनी मालकाला आत खुर्चीवर बसवून काय विचारलं, आणि नंतर चिठ्ठीवर गोळ्या कशा कमी करत आणायला सांगितल्या, ते त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. तेव्हा ते पुढचं कुत्रं धरून उभे असायचे.

सुई घेणारी कुत्री वखवखून खायची आणि हंडाभर पाणी प्यायची. पोट सुटायचं. मालक खूष, कुत्रं अंग धरतंय म्हणून. शेजारच्या शिंप्याच्या कुत्रीचं पोट असं सुटलं की पिल्लं होणार म्हणून त्याच्या बायकोने जुन्या कपड्यांची गादी शिवली. पिल्लं झाली नाहीत, कुत्रीच गेली. बाबा म्हणाले, वय झालं होतं. ती सात वर्षांची होती. शिंपी मान डोलावत परत गेला आणि वर्षभराने नवं पिल्लू घेऊन बाबांकडेच आला.

माझी हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती यात येते. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. एक दिवस दोन बॅगा घेऊन मी माहेरी आले. बाबांनी बॅगांकडे पाहिलं आणि दोनच का, असं काही न विचारता किती दिवस ते विचारलं. पुढे दर रविवारी जेवताना विचारायचे. आलेल्या-गेलेल्यांना "चार दिवस आलीय" असं सांगायचे. ते चार दिवस वर्षभर चालले होते आणि त्यांच्या आवाजातली धार दर रविवारी वाढत होती. मी झोपायचे मधल्या खोलीत, शिलाईच्या मशीनशेजारी. वरची खोली बंद असायची. त्यात बाबांच्या जुन्या वस्तू होत्या. लॅबच्या पगारात वेगळं घर जमणारं नव्हतं. मला त्या घरात राहू दिलं जाईल की नाही, हे रोज सकाळी बाबांचं तोंड बघून कळायचं.

आईकडे कुत्रा होता. लांब कानांचा, तपकिरी. त्याचं नाव ठोंब्या, कारण लहानपणी तो दार उघडं असताना बंद बाजूला डोकं आपटायचा. घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. बाबांना तो फारसा आवडत नसे, पण त्यालाही खाज सुटली तेव्हा प्रश्न इभ्रतीचा झाला. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं बसलेली आणि मागून घरचंच कुत्रं कराकरा अंग खाजवत येतंय, हे त्यांना कसं चालावं? त्यांनी ठोंब्याला सुई दिली. मग दर महिन्याला दिली. मधल्या दिवसांत रोज सकाळी लोण्याच्या गोळ्यात एक बारीक पांढरी गोळी. आईला सांगितलं, ताकदीची आहे. आईने विश्वास ठेवला. बाबा ठोंब्यासाठी काहीतरी करतायत याचंच तिला अप्रूप होतं.

दीड वर्ष हे चाललं. पाठीवरचे केस विरळ झाले, कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसाव्यात. मग तो पाणी पिऊ लागला. भांडं भरायचं, तो एका दमात रिकामं करायचा आणि वर मान करून उभा राहायचा. आणि मग घरभर मुतायचा. सात वर्षांत कधी घाण न केलेला कुत्रा गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांखाली मुतू लागला आणि तिथेच थरथरत उभा राहू लागला, कारण चुकलंय हे त्याला कळत होतं.

बाबांनी यावर काढलेला उपाय त्यांच्या डोक्याला शोभेल असाच होता. दुपारी तीननंतर पाण्याचं भांडं उचलून कपाटावर. पाणी नाही तर मूत नाही. हिशेब साधा. तीननंतर ठोंब्या न्हाणीघराच्या दाराशी बसायचा आणि कुणी अंघोळ करून बाहेर पडलं की आत जाऊन फरशी चाटायचा. कुंडीखालच्या बशीतलं गढूळ पाणी त्याने प्यायलं. एकदा फरशी पुसायच्या बादलीत तोंड घातलं, तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीत चप्पल मारली आणि मागच्या अंगणात बांधलं. आई ओंजळीतून चोरून पाणी न्यायची. ओंजळ ती केवढी आणि त्यातलं निम्मं वाटेत सांडायचं. बाबांना ते ओले ठिपके दिसले की ते तिला गिऱ्हाइकांसमोर बोलायचे. ती पदराने फरशी पुसायची.

मी काय करत होते? सकाळी डबा घेऊन कामावर जात होते. ज्याच्या घरात राहायचं त्याच्याशी भांडण नको, हा माझा शहाणपणा.

शेवटी मुंग्यांनी मला हलवलं. एका सकाळी अंगणात पाहिलं तर जिथे जिथे ठोंब्या मुतला होता तिथे तिथे मुंग्यांचा काळा गोल जमला होता. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला यापुढे आणखी काय सांगायला हवं? मी दुपारी साखर मोजायचं यंत्र आणलं, त्याच्या कानाची कड टोचली आणि थेंब घेतला. साखर चारशे बासष्ट. निरोगी कुत्र्याची शंभराच्या आसपास असते. बाबांना आकडा दाखवला तर म्हणाले, माणसांची यंत्रं कुत्र्यांना चालत नाहीत.

आई मात्र त्या दिवशी कधी नव्हे ती उठली. ठोंब्याला चादरीत गुंडाळून ती मोठ्या दवाखान्यात निघाली. बाबाही सोबत आले. मला तेव्हा बरं वाटलं. ते काळजीने नव्हे, लक्ष ठेवायला आले होते, हे नंतर कळलं. तिथे आता एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट चाचपलं, कातडी चिमटीत धरून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. मग त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. खाजेसाठी स्टेरॉइड कधी दिलंय का, सुई किंवा गोळी? पुष्कळ दिवस दिलं की काही कुत्र्यांना मधुमेह होतो. वेळेवर कळलं आणि बेताबेताने बंद केलं तर एखाद्याचा परतही फिरतो.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी सरळ कानावर हात ठेवले. "छे छे. मी इथेच एकतीस वर्षं काढलीत, बाई. ताकदीच्या सुया दिल्यात, बास."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं आणि इन्सुलिन सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ, खाणं खाल्लं की मानेच्या कातडीखाली. सुरुवातीला पाच युनिट. सुई कोण देणार, यावर घरी आल्यावर बाबा म्हणाले, तिचं कुत्रं आहे, तिने द्यावी. असल्या रोजच्या सुया टोचत बसणं हे माझं काम नाही. हजारो कुत्र्यांना टोचलेला माणूस हा. पण ती सुई हातात घेणं म्हणजे कुत्र्याला मधुमेह आहे हे कबूल करणं, आणि ते एक कबूल केलं की पुढचं सगळं आलंच.

आईला सुईची भीती. स्वतःला टोचून घेतानाही ती डोळे मिटायची. मी तिला घडी केलेल्या टॉवेलवर शिकवलं. पहिल्या दिवशी तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती ठोंब्याला "चुकलं हं, चुकलं" असं म्हणत होती, अजून टोचलंही नव्हतं तेव्हा. पण ती शिकली. चष्मा लावायची, खिडकीशी जायची, सुईची नळी उजेडात धरायची, रेघा मोजायची, पुन्हा मोजायची. महिन्याभरात तिचा हात इतका हलका झाला की ठोंब्या खाता खाता सुई घ्यायचा आणि मान वर करायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड भरून कौतुक केलं, तर घरी येईपर्यंत ती ते मला तीनदा सांगत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी सांगितलं होतं की तुम्हाला हे छान जमतं.

फक्त साखर उतरत नव्हती. पाचाचे आठ झाले, आठाचे अकरा, मग चौदा. दोन महिन्यांनी अठरा युनिट. एवढ्यात ठोंब्याची नजर पूर्ण गेली. तो भिंतीला खांदा घासत चालायचा आणि आईच्या पावलांच्या आवाजाकडे शेपूट हलवायचा. लोणी चालूच होतं. बाबा रोज सकाळी स्वतःच्या हाताने भरवायचे. ते पाहून मला वाटायचं, म्हातारा विरघळला.

अठरा युनिटवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या औषधाला साखर उतरायलाच हवी होती. काहीतरी उलट काम करतंय. अंगात स्टेरॉइड जास्त आहे का, हे बघायची एक तपासणी असते. ते शरीरातच तयार होतंय की बाहेरून येतंय, तेही साधारण कळतं. पुढच्या आठवड्यात करू.

बाबा तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून लोणी बंद. विचारलं तर म्हणाले, त्याला साखर आहे ना, मग असले लाड नकोत. आई मला म्हणाली, बघ, यांना पटलं शेवटी.

आता जे झालं ते सरळ सांगते. रोजची गोळी अठरा युनिट इन्सुलिनला अडवून धरत होती. गोळी गेली, अडवणारं कुणी उरलं नाही, इन्सुलिन मात्र अठराच. शिवाय इतके महिने बाहेरून मिळाल्यामुळे ठोंब्याच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून दिलं होतं. बाहेरचं एकदम तुटलं, आतलं नव्हतं. हे बाबांना पूर्ण कळत नसेल. पण गोळी थांबवलीय एवढं तरी त्यांना कळत होतं, आणि ते सांगायला दोन शब्द पुरले असते.

चौथ्या दिवशी आई हरखून म्हणाली, आज पाणी कमी प्यायलाय, भांडं निम्मं तसंच आहे. पाचव्या दिवशी तो मलूल होता. सहाव्या दिवशी सकाळी त्याने हळूहळू का होईना, ताटली संपवली. आईने चष्मा लावला, खिडकीशी गेली, अठरा रेघा मोजल्या. मी दारात चपला घालत होते, मी पाहिलं. कान टोचून साखर बघायचा माझा वार रविवार, आणि तो शुक्रवार होता. मी गेले.

तासाभराने त्याने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. दहाच्या सुमाराला तो उभ्या उभ्या कोसळला आणि पाय झाडू लागला. आईने मला फोन केला, मी साखरेचं पाणी हिरड्यांना चोळायला सांगितलं आणि धावत निघाले. दवाखान्यात पोहोचले तेव्हा ठोंब्या टेबलावर होता, जबडा घट्ट मिटलेला. डॉक्टरीणबाई शिरेतून ग्लुकोज देत होत्या. साखर बावीस. बाबांनी त्याचं डोकं धरलं होतं. जुनी सवय. पंधरा-वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतले.

त्यांनी आईला अगदी सौम्यपणे विचारलं, सकाळी किती दिलं होतं? अठरा, आई म्हणाली. रेघ नीट दिसली होती का?

आणि आईने तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "हिला हल्ली आकडे नीट दिसत नाहीत, डॉक्टर. किती भरलं असेल कोण जाणे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अठराच भरलं होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बहुतेक."

ते "बहुतेक" बाबांनी तिच्याकडून वदवून घेतलं. ठोंब्याचं डोकं तेव्हाही त्यांच्या हातात होतं.

दोन आठवड्यांनी मी कात्री शोधत बाबांची औषधांची पेटी उघडली. तळाशी रबर लावून ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. दवाखान्यातली त्यांची एक शिस्त होती, गोळी काढली की पट्टीच्या मागे त्या रिकाम्या खाचेपाशी पेनाने तारीख लिहायची. ती शिस्त त्यांनी घरीही पाळली होती. बारीक, सुबक अक्षरात दोन महिन्यांच्या तारखा, एकही दिवस न चुकता. शेवटची तारीख डॉक्टरीणबाईंनी तपासणीची गोष्ट काढली त्या दिवशीची. पुढच्या गोळ्या तशाच.

मी दवाखान्यात गेले आणि आडून विचारलं, समजा कुणी गोळी देत असतं आणि एकदम थांबवलं असतं तर? डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तर अठरा युनिट म्हणजे विषच, त्या म्हणाल्या. कोण देत होतं? मी म्हटलं, कुणी नाही, सहज वाचलं कुठेतरी.

घरी येऊन पट्ट्या बाबांच्या टेबलावर ठेवल्या. आई मागे कपडे वाळत घालत होती. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. नाही म्हणाले नाहीत. एवढंच बोलले, "वरची खोली मोकळी करून घेऊ. रंगही काढून घे तुला हवा तो. किती दिवस मशीनच्या खोलीत झोपशील?"

कुणी म्हणेल, तू तिथेच ओरडायला हवं होतंस. हो. मी रंग पिवळा सांगितला.

एक अट मात्र घातली. सुया बंद. त्यांनी लगेच बंद केल्या, पट्ट्या घेऊन मी वर ठेवल्या, आणि त्यांनी पुढच्या दारावर ‘सुया बंद’ असा कागद चिकटवला. लोकांनी त्याचा काय अर्थ लावावा? घरचं कुत्रं गेल्याच्या दुःखाने काकांनी सुई सोडली. त्यांची कीर्ती दुप्पट झाली. रस्त्यात लोक थांबवून विचारपूस करायचे, आणि बाबा मोठ्या मनाने म्हणायचे, "तिची चूक नाही हो. वय झालं. मी तिला एका शब्दाने बोललो नाही." आई शेजारी पिशवी धरून उभी असायची.

चार वर्षं. त्या चार वर्षांत आईने मापाची कुठलीही गोष्ट हातात घेतली नाही. चहात साखर मी घालायची, तिच्या स्वतःच्या गोळ्या मी मोजून द्यायच्या; तिचा हात चुकेल म्हणून. आपण कुत्रा मारला, आणि वर नवऱ्याचं चालतं काम बंद पाडलं, अशी तिची समजूत. म्हणून ती बाबांची सेवा पूर्वीपेक्षा जास्त करायची. त्यांचं पान आधी, तिचं उरलेल्यातून. बाबांनी ते सगळं सावकाश, आवडीने खाल्लं. दर रविवारी विचारायचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. खोलीला दोन खिडक्या होत्या. मला तिथे झोप छान लागायची, हे कबूल करायला हवं.

मग बाबा एका दुपारी खुर्चीतच गेले. आठवडाभर लोक येत होते. शिंपी आला आणि रडला. जो येईल त्याला आई सांगायची, त्यांचं काम माझ्यामुळे सुटलं, नाहीतर ते आणखी जगले असते. सहाव्या-सातव्यांदा ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. लोक गेले, मी वरून पट्ट्या आणल्या, तिच्या मांडीवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. लोणी, गोळी, तपासणी, अठरा युनिट. तुझा हात चुकला नव्हता, म्हटलं. तू अठराच भरलं होतंस, मी पाहिलं होतं.

मला वाटलं ती रडेल, किंवा सुटल्यासारखी तरी दिसेल. तिने चष्मा लावला. एकेक तारीख बोट ठेवून वाचली, खिडकीशी नळी धरून रेघा वाचायची तशी सावकाश. मग पट्ट्या खाली ठेवल्या.

"तुला कधी कळलं?"

"तो गेल्यावर दोन आठवड्यांनी."

तिने मनाशी काहीतरी मोजलं. "म्हणजे चार वर्षं मी मान खाली घालून या घरात पानं वाढत होते, आणि तू समोर बसून जेवत होतीस."

मी म्हटलं, बाबांनी सांगू दिलं नाही.

"त्यांचं मला कळतं," आई म्हणाली. "त्यांना त्यांचं नाव सांभाळायचं होतं. तुला काय सांभाळायचं होतं?"

उत्तर मला येत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी उठून दिवा लावला आणि चहा टाकू का, असं विचारलं.